नातं : इतर

सीताबर्डीच्या झेरॉक्सवाल्याला आता पाठ झालंय
माझ्या भाचीचं नाव.
"अचियेंग आली का, ताई?" विचारतो,
म्हणजे तिचा कागद आला का.
येतात. तिच्याआधी तिचे कागद येऊन राहिले,
एकेक, थोडे तिरपे स्कॅन केलेले,
किसुमूच्या शाळेचा निळा शिक्का
दर वेळी अर्धा पानाबाहेर सांडलेला.

फोटो तीनदा परत आला.
दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरं,
दोन्ही कान दिसले पाहिजेत.
तिच्या बारीक वेण्या, चाळीस तरी असतील, कानांवरून उतरतात.
आम्रपालीनं नाइट ड्यूटीहून येऊन
त्या सगळ्या मागे बांधल्या
आणि चौथ्या फोटोत
आमच्या आईचे कान निघाले.
पाळ्यांसकट तेच.
हे लिहायला अर्जात जागा नाही.

जागा आहे ती अशी :
भारतातील व्यक्तीशी नातं.
खाली यादी उघडते. आई, बाप, भाऊ, बहीण,
नवरा, बायको,
आणि सगळ्यांच्या खाली, इतर.
चार वर्षांची असताना फोनवर ती मला
पहिल्यांदा 'मावसी' म्हणाली होती.
त्यांच्या भाषेत श नाही.
बोट जरा थांबलं.
मग 'इतर' दाबलं.

सिव्हिल लाइन्सच्या खिडकीमागचा माणूस
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला,
"सारे इथून तिकडे जातात, बाई.
ही पोरगी तिकडून इकडे काहून येऊन राहिली?
तेही नववीत?"
काय सांगू.
की हिची आई रात्रभर लोकांच्या लेकरांजवळ जागते
आणि ही घरात कडी लावून एकटी?
"माय मरो पण मावशी उरो," तो हसला,
चांगल्या मनानंच.
"माय जिवंत आहे," मी म्हटलं.
जरा जोरातच झालं.
मागच्या रांगेतले दोघे बघायला लागले.
त्यानं चष्मा खाली घेतला. "हमीपत्र लागेल.
पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर."

मी, करुणा रंगारी, राहणार इंदोरा, लिहून देते की
सदर विद्यार्थिनीच्या राहण्या-जेवण्याची, फीची,
आजारपणाची
आणि मुदत संपताच परत जाण्याची
जबाबदारी माझी राहील.
वर्गात तिच्या केसांना न विचारता हात लावतील, त्याची,
कोपऱ्यावरची टवाळ पोरं रंगावरून काही बोलतील, त्याची हमी
कोणी मागितली नाही.
ती मी बसमध्ये बसून, बिनस्टॅम्पाची,
मनातच लिहून दिली.

मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, मराठी येते?
मी तिथूनच फोन लावला.
पलीकडे बराच वेळ खरखर,
मग एक वाक्य : "जेवलीस का?"
तिची आई दवाखान्यातून रोज एवढंच विचारते.
तेवढंच तिला येतं.
बाईंनी काही न बोलता
पटावर नाव पेन्सिलीनं लिहून घेतलं.

जून. अर्ज 'प्रक्रियेत' आहे.
राज्यातल्या बाकी शाळा उघडल्या.
आमच्या उघडतात शेवटच्या आठवड्यात,
उन्हानं दिलेले हे दहा दिवस
आयुष्यात पहिल्यांदा मला गोड लागले.
अचियेंग म्हणजे भर दुपारी जन्मलेली,
आम्रपालीनं सांगितलं होतं.
मग इथं काही अडचण नाही, मी म्हटलं होतं,
कूलरमध्ये बादली ओतता ओतता.

काल सदरच्या शिंप्याचा फोन आला, मापं पाठवा.
अर्जात सगळं होतं, तिची उंची नव्हती.
रात्री किसुमूहून फोटो आला :
दाराच्या चौकटीवर पेन्सिलची रेघ.
ना टेप, ना आकडा.
किती उंच दार असतं त्यांच्याकडे?

सकाळी शिंप्याला सांगितलं,
वाढत्या अंगाचं शिवा,
खाली चांगली चार बोटं दुमड ठेवा.
व्हिसा एका वर्षाचाच मिळतो,
हे त्याला सांगितलं नाही.